हिंसादान नाकारणारे प्राध्यापक : नॉर्बर्ट वीनर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या पानांवर आपण बहुधा पूज्य आचार्यांची, मुनिवरांची, आर्यिका माताजींची आणि समाजातील दानशूर श्रेष्ठींची चरित्रे वाचतो, आणि ते उचितच आहे. प्रस्तुत लेखाचे नायक मात्र जन्माने ज्यू, व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक आणि नागरिकत्वाने अमेरिकन होते. ओढूनताणून त्यांना आपल्या परंपरेत बसविण्याचा माझा हेतू नाही. तरीही त्यांचे चरित्र येथे सांगावेसे वाटले, याला एक कारण आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाने टाळावयाचे पाच अनर्थदंड सांगितले आहेत. त्यांतील एक म्हणजे हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, विष, साखळदंड अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, हे ते हिंसादान. लहानपणी पाठशाळेत ही यादी आपण सर्वांनी घोकलेली असते. घोकताना असे वाटते की तलवारी आणि विष विकणारे आपण थोडेच आहोत? पण एखाद्या प्राध्यापकाने लिहिलेले गणित हेच शस्त्र ठरू लागले, तर त्या गणिताचे दान हे ज्ञानदान की हिंसादान? हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर वीनर यांच्यासमोर प्रत्यक्ष उभा राहिला.

नॉर्बर्ट वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील मिझुरी राज्यात कोलंबिया या गावी झाला. वडील लिओ वीनर हे मूळचे रशियन साम्राज्यातील बियालिस्टोकचे. तरुणपणी शाकाहारी आणि मानवतावादी तत्त्वांवर एक वसाहत स्थापन करावी या ध्येयाने ते मध्य अमेरिकेकडे जाण्यास निघाले. ती योजना बारगळली आणि लिओ अमेरिकेतच राहिले. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले आणि टॉलस्टॉय यांचे साहित्य त्यांनी २४ खंडांत इंग्रजीत आणले. ज्या टॉलस्टॉय यांचा प्रभाव गांधीजींनी मान्य केला आणि ज्यांच्या बरोबरीने श्रीमद् राजचंद्रांचे ऋणही गांधीजींनी सांगितले, तेच हे टॉलस्टॉय. लिओ यांच्या घरात मांसाहार नव्हता. प्राण्यांवरील क्रौर्याचे वर्णन करणाऱ्या पुस्तिका घरात पडलेल्या असत आणि त्या वाचून लहानगा नॉर्बर्ट घाबरून जाई. पुढे ते आयुष्यभर शाकाहारी राहिले. मांसाहार हाच जेथे रिवाज, अशा समाजात हे सोपे नव्हते.

वडिलांनी मुलाला घरीच शिकविले. शिकविणे कठोर होते. चूक झाली की आवाज चढे, अपमान होई आणि रडण्यात धडा संपे. आठव्या वर्षी दृष्टी फार क्षीण झाली, तेव्हा डॉक्टरांनी सहा महिने वाचन पूर्ण बंद केले. पण पाठ थांबले नाहीत. मुलाने गणित ऐकून मनातल्या मनात सोडवावयाचे, अशी रीत पडली. ज्यांचे डोळे पुढेही कायम अधू राहिले, त्यांची स्मृती आणि मनातल्या मनात गणित मांडण्याची शक्ती या सहा महिन्यांत घडली, असे म्हणावयास हरकत नाही. अकराव्या वर्षी शालेय शिक्षण पूर्ण करून ते टफ्ट्‌स कॉलेजात दाखल झाले, १९०९ मध्ये चौदाव्या वर्षी पदवीधर झाले आणि १९१३ मध्ये अठराव्या वर्षी हार्वर्डमधून तर्कशास्त्रातील प्रबंधावर डॉक्टरेट मिळवून मोकळे झाले.

वर्तमानपत्रांनी या मुलाचे कौतुक केले. वडिलांनी मात्र जाहीरपणे सांगितले की मुलात विशेष काही नाही, हे सारे आपल्या शिकविण्याचे फळ आहे. हे छापील शब्द मुलाच्या वाचनात आले आणि त्याच्या मनाला लागले. यश मिळाले तर वडिलांचे, अपयश आले तर स्वतःचे, असा हा हिशेब होता. आत्मचरित्रात वीनर यांनी वडिलांविषयी कृतज्ञता आणि हे शल्य, दोन्ही लिहून ठेवले आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत आपल्या घरांतून जे चालते, ते पाहता हा भाग मला अधिक विस्ताराने सांगावासा वाटत होता. पण मुख्य विषय दूर राहील.

इंग्लंडमध्ये बर्ट्रांड रसेल आणि हार्डी, जर्मनीत हिल्बर्ट अशा श्रेष्ठ गुरूंकडे शिकून ते परतले, तरी नोकरीचे काही जमेना. काही काळ अध्यापन, मग एका ज्ञानकोशासाठी लेखन, १९१८ मध्ये सैन्याच्या ॲबर्डीन येथील केंद्रात तोफांच्या पल्ल्यांचे तक्ते करण्याचे काम, नंतर बॉस्टनमध्ये वार्ताहराची नोकरी, अशी भटकंती झाली. शेवटी १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सुप्रसिद्ध एमआयटी, या संस्थेत गणिताचे निदेशक म्हणून ते रुजू झाले. १९६० मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले.

त्या काळी एमआयटीतील गणित विभागाचे काम अभियंत्यांना लागेल तेवढे गणित शिकविणे एवढेच मानले जाई. वीनर यांनी हा कमीपणा मानला नाही, उलट त्यालाच आपले क्षेत्र केले. संस्थेच्या लांबलचक कॉरिडॉरमधून फिरावे, दिसेल त्या प्रयोगशाळेत डोकवावे, तेथील अडचण ऐकावी आणि त्यावर बोलत सुटावे, हा त्यांचा परिपाठ होता. विद्युत अभियांत्रिकी विभागात हेविसाइड यांच्या पद्धतीने मंडलांची गणिते होत. उत्तरे बरोबर येत, पण ती का बरोबर येतात याला गणिती आधार नव्हता. तो आधार देण्याचे काम वीनर यांनी १९२६ मध्ये केले. त्याच विभागातील व्हॅनेव्हार बुश यांच्या विद्युत मंडलांवरील १९२९ च्या ग्रंथाला वीनर यांनी परिशिष्ट जोडले. चीनहून आलेले युक-विंग ली यांनी वीनर यांच्या मार्गदर्शनाखाली १९३० मध्ये विद्युत अभियांत्रिकीची डॉक्टरेट मिळविली. पुढे ली मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून वीनर १९३५-३६ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात शिकवून आले. आज ज्यांचे ध्वनिक्षेपक आपल्याकडेही हौसेने विकत घेतले जातात, ते अमर बोस हे याच ली-वीनर परंपरेतील विद्यार्थी. त्यांची डॉक्टरेट १९५६ ची.

शुद्ध गणितातही त्यांचे काम मोठे आहे. पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म कण वाटेल तसे थरथरत फिरतात, त्या ब्राउनियन गतीला त्यांनी १९२० नंतरच्या तीन-चार वर्षांत काटेकोर गणिती रूप दिले. १९३२ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले, १९३३ मध्ये त्यांना बोशर पारितोषिक मिळाले. १९२६ मध्ये मार्गारेट एंगेमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांना दोन कन्या झाल्या. विसराळूपणाच्या त्यांच्या दंतकथा पुष्कळ आहेत. व्याख्यानात ते घोरत झोपत आणि जागे होऊन वक्त्याला नेमका अडचणीचा प्रश्न विचारीत, ही त्यांतील खरी.

१९४० मध्ये युद्धाचे ढग अमेरिकेपर्यंत आले. लंडनवर जर्मन विमाने बॉम्ब टाकीत होती आणि ती पाडण्याचा प्रश्न बिकट होता. तोफेचा गोळा उंच आकाशात पोहोचेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात विमान पुढे सरकलेले असते. म्हणून विमान आज कोठे आहे तेथे नव्हे, गोळा पोहोचेल त्या क्षणी ते कोठे असेल तेथे नेम धरावा लागतो. वैमानिकही सरळ जात नाही, तो वळणे घेतो. वीनर यांनी तरुण अभियंता ज्युलियन बिगेलो यांच्यासह हा प्रश्न हाती घेतला.

त्यांची युक्ती वाणिज्याच्या माणसाला सहज उमगेल. दिवाळीपूर्वी माल भरताना कापडाचा व्यापारी मागील काही वर्षांची खातेवही उघडतो. त्या आकड्यांत खरी चाल असते आणि निरर्थक चढउतारही असतात. एका वर्षी पाऊस लांबला, एका वर्षी शेजारी लग्ने जास्त झाली. अनुभवी व्यापारी या गोंगाटातून खरी चाल निवडून पुढचा अंदाज बांधतो, आणि तो शंभर टक्के बरोबर येणार नाही हेही त्याला ठाऊक असते. चूक सरासरीने कमीत कमी राहावी अशी निवड गणिताने कशी करावी, हे वीनर यांनी सिद्ध केले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांचा गुप्त अहवाल तयार झाला. पिवळ्या मुखपृष्ठाचा आणि कमालीचा अवघड, म्हणून अभियंत्यांनी त्याचे नाव पिवळे संकट असे ठेवले. रशियात कोल्मोगोरोव्ह हेही स्वतंत्रपणे याच सिद्धान्तापाशी पोहोचले होते. वीनर यांचे यंत्र युद्धात प्रत्यक्ष वापरले गेले नाही, पण गोंगाटातून संदेश निवडणारी ही गणिती गाळणी पुढे सर्व दळणवळण आणि नियंत्रणशास्त्राचा पाया झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वीनर हे सर्वकाळ युद्धविरोधी होते असे नाही. दोन्ही महायुद्धांत त्यांनी सैन्यासाठी काम केले. श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. घरावर चालून आलेल्याला परतविताना घडते ती विरोधी हिंसा, आणि गृहस्थाला ती सर्वथा टाळता येत नाही. शहरावर बॉम्ब टाकणारे विमान पाडण्याचे गणित या वर्गात बसते, असे माझे मत आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले, आणि वीनर यांच्या मनातील हा भेद एकाएकी धारदार झाला.

पुढच्याच वर्षी एका मोठ्या विमान कंपनीतील संशोधकाने त्यांना पत्र पाठविले. तो नियंत्रित क्षेपणास्त्रांवर काम करीत होता. त्या जुन्या अहवालाची प्रत मिळावी अशी त्याची विनंती होती. विनंती सभ्य होती आणि विद्वानांच्या जगात एकमेकांस लेख देणे हा तर धर्मच. वीनर यांनी नकार दिला. नियंत्रित क्षेपणास्त्राचा उपयोग निःशस्त्र नागरिकांना सरसकट मारण्यासाठीच होणार, त्यात आपण सहभागी होणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. बेजबाबदार युद्धखोरांच्या हाती पडून अपाय करील असे आपले पुढील कामही आपण प्रसिद्ध करणार नाही, असे त्यांनी कळविले. हे पत्र जानेवारी १९४७ मध्ये अटलांटिक मासिकात छापून आले. त्याच महिन्यात हार्वर्डमध्ये नौदलाच्या सहकार्याने गणकयंत्रांची परिषद भरली होती. तीतूनही त्यांनी आपले नाव काढून घेतले.

या पत्रातील एक कबुली मला सर्वांत मोलाची वाटते. प्रयत्न केल्यास आपला अहवाल दुसऱ्या मार्गाने मिळू शकेल आणि आपला नकार केवळ औपचारिक निषेध ठरेल, हे वीनर यांना पूर्ण माहीत होते व त्यांनी ते त्याच पत्रात लिहिले. बाजारात आपण नेहमी ऐकतो की मी नाही विकले तर शेजारचा विकेल, मग मीच का विकू नये? व्यवहारात या युक्तिवादाला उत्तर सापडत नाही. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन दरवाजे सांगितले आहेत. शेजारी काय करतो यावर आपल्या दरवाजातून काय गेले याचा हिशेब ठरत नाही. वीनर यांनी ही परिभाषा ऐकलेली नसावी, पण त्यांच्या नकाराचे याहून चांगले स्पष्टीकरण मला देता येत नाही.

हाच सिद्धान्त १९४९ मध्ये ग्रंथरूपाने उघडपणे प्रसिद्ध झाला, हेही नोंदविले पाहिजे. कोणी यात विसंगती पाहील. पण सर्वांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथाने वैद्यकापासून दूरध्वनीपर्यंत सर्वांचे काम होते, आणि क्षेपणास्त्र करणाऱ्याला त्याच्या मागणीवरून स्वहस्ते दिलेली प्रत ही वेगळी गोष्ट आहे. लोखंड विकणे आणि खुनाच्या तयारीत असलेल्याला सुरी नेऊन देणे यांत जो फरक, तोच हा. सीमारेषा पुसट आहे, हे मान्य करूनही तो फरक राहतोच.

नकाराची किंमत होती. युद्धोत्तर काळात संशोधनाचा पैसा मुख्यतः सैन्याकडून येई. तो वीनर यांनी घेतला नाही. गणकयंत्रांच्या मोठ्या प्रकल्पांपासून ते दूर पडले. अमेरिकेच्या गुप्त पोलिसांनी त्यांच्यावर नजर ठेवली. एमआयटीने त्यांची नोकरी अबाधित ठेवली, हे त्या संस्थेचे भूषण. आणि पुढच्या दशकात त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांची दिशादर्शक यंत्रणा तयार होत होती, हेही तितकेच खरे.

१९४८ मध्ये सायबरनेटिक्स हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रीक भाषेत नावेच्या सुकाणूधारकाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लुएथ यांच्या सहवासात हा विचार पक्व झाला. पेला उचलताना आपला हात सतत आपली चूक मेंदूला कळवीत असतो आणि मेंदू ती सुधारीत असतो. लहान मेंदूला इजा झाली की हात पेल्यापाशी जाऊन थरथरू लागतो. वाफेच्या इंजिनाचा वेग राखणारे यंत्रही असेच चालते, आणि त्यात दोष असला की तेही असेच हेलकावे खाते. केलेल्या कृतीचा परिणाम परत आणून पुढची कृती सुधारणे, यालाच फीडबॅक म्हणतात. प्राण्यात आणि यंत्रात हे तत्त्व एकच आहे, असे वीनर यांनी दाखविले. आपल्या नित्य प्रतिक्रमणाची आठवण येथे होते; पण यंत्राला पश्चात्ताप नसतो, तेव्हा तुलना फार ताणू नये.

समीकरणांनी भरलेला हा ग्रंथ अनपेक्षितपणे खूप खपला. कीर्तीबरोबर त्यांची दुसरी चिंताही वाढली. चुकीतून स्वतः सुधारणारी यंत्रे कारखान्यात आली की कामगारांचे काय होणार? ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना आपण होऊन पत्र लिहिले, येणाऱ्या बेकारीची सूचना दिली आणि मदतीची तयारी दर्शविली. हातमागावरून यंत्रमाग आणि यंत्रमागावरून शटललेस माग असा प्रवास ज्यांनी इचलकरंजी-मालेगावात पाहिला, त्यांना या पत्राचे मर्म वेगळे सांगावयास नको. १९५० चा त्यांचा सामान्य वाचकांसाठीचा ग्रंथ याच विषयावर आहे.

स्वभावाने ते सुखी नव्हते. खिन्नतेचे झटके येत, स्तुतीची भूक असे, लहानशा शब्दाने मन दुखावे. १९५२ च्या सुमारास वॉरेन मॅक्कलक आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांशी असलेला स्नेह त्यांनी अचानक तोडला आणि तो पुन्हा कधी जुळला नाही. ज्यांच्याबरोबर नवे शास्त्र उभारायचे, तेच सहकारी गमावले. क्षमापनेचा एक दिवस त्यांच्या आयुष्यात आला असता तर, असा विचार मनात येतो.

भारताशी त्यांचे नाते शेवटच्या दहा वर्षांत जुळले. प्रथम ते भारतीय विज्ञान काँग्रेसच्या निमित्ताने जानेवारी १९५४ मध्ये आले. नंतर १९५५-५६ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून त्यांनी अध्यापन केले. या संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्येच एका निबंधात स्याद्वादाची सप्तभंगी आणि आधुनिक संभाव्यताशास्त्र यांचे साम्य दाखविले होते. वीनर यांचे मित्र हॉल्डेन यांनीही १९५७ मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. म्हणजे ज्या वास्तूत वीनर शिकवीत होते, तेथे आपल्या दर्शनाची चर्चा आदराने होत होती.

तेथेच त्यांना एक मुंबईकर सहकारी लाभला. पेसी मसानी हे मुंबईत जन्मलेले पारशी गणिती तेव्हा मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होते. एकाच वेळी अनेक बदलत्या राशींचा अंदाज कसा बांधावा, या प्रश्नावर दोघांनी कोलकात्यात काम केले आणि त्यांचे दोन दीर्घ निबंध १९५७ व १९५८ मध्ये स्वीडनच्या ॲक्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वीनर यांनी आपली विद्या अपंगांच्या सेवेकडेही वळविली. बहिऱ्याला बोटांच्या स्पर्शातून शब्द कळावेत, अशा हातमोज्यावर त्यांनी प्रयोग केले. १९६१ मध्ये जिन्यावरून पडून त्यांचे कमरेचे हाड मोडले. रुग्णालयात अंथरुणावर असताना अस्थिशल्यचिकित्सकांशी त्यांची चर्चा झाली, की तुटलेल्या हाताच्या उरलेल्या स्नायूंत जे सूक्ष्म विद्युतसंदेश असतात, त्यांवर कृत्रिम हात का चालू नये? या चर्चेतून पुढे बॉस्टन आर्म नावाचा विजेवर चालणारा हात तयार झाला. तो पाहण्यास ते राहिले नाहीत. विमान पाडण्यासाठी शोधलेले तत्त्व असे हात गमावलेल्यांच्या कामी आले.

जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १८ मार्च १९६४ रोजी स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पायऱ्यांवर ते कोसळले आणि त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय ६९ वर्षे होते. यंत्र आणि धर्म यांच्या संबंधावरील त्यांच्या शेवटच्या छोट्या ग्रंथाला पुढील वर्षी राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार देण्यात आला. मसानी त्या सुमारास अमेरिकेत स्थायिक झाले होते. त्यांनी वीनर यांचे विखुरलेले सर्व लेखन जमवून चार मोठ्या खंडांत संपादित केले. पहिला खंड १९७६ मध्ये आणि चौथा १९८५ मध्ये निघाला. १९९० मध्ये त्यांनी गुरुतुल्य मित्राचे चरित्रही लिहिले. त्या चौथ्या खंडात, गणिताच्या निबंधांपासून वेगळे, ते नकाराचे पत्र छापलेले आहे.